दुर्गेबाईंची मेणाची वडी

खिडकीशी आलेली बाई म्हणाली, "माह्या पोटातला तुकडा तुमच्यापाशी आहे म्हनते. कुठी ठेवला?"

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरची. चंद्रपूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी पॅथॉलॉजीचा टेक्निशियन होतो. ऑपरेशनमध्ये काढलेलं मांस बाटलीतून माझ्याकडे यायचं. ते फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचं, मेणात बसवायचं, त्या मेणाच्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचे, काचेवर चिकटवून रंगवायचे. मग आठवड्यातून दोनदा नागपूरहून येणारे डॉ. वझलवार ते मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहायचे. ह्या कामात मला अकरा वर्षं झाली होती. लोक रिपोर्ट मागायला यायचे, रिपोर्टला उशीर का झाला म्हणून भांडायला यायचे. पण तुकडा मागायला कोणी आलं नव्हतं.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"सत्यशीला दुर्गे. नर्स आहे मी, अहेरीकडच्या उपकेंद्रात. नंबर चारशे तेरा."

नंबर ऐकला आणि मी वर पाहिलं. हे नाव दवाखान्यात दहा-बारा दिवसांपासून सगळ्यांच्या तोंडी होतं, आणि चांगल्या कारणानं नव्हतं.

दुर्गेबाई मूळच्या नागभीडजवळच्या. वडील लोकांच्या धानाच्या बांधीत राबायचे. छप्पन साली त्यांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ही पोर पंधरा वर्षांची होती. घरी येऊन बापानं देव्हारा रिकामा केला आणि त्या कोनाड्यात पोरीची पुस्तकं ठेवली. सातवी झाली, नर्सिंगचं ट्रेनिंग झालं. एकोणिसाव्या वर्षी स्थळ आलं, तर हिनं अट घातली, नोकरी सोडणार नाही. स्थळ गेलं. पुढंही दोन-तीन आली आणि गेली. लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "येळच नाई भेटला." त्यात काही दुखरं नव्हतं. खरंच वेळ मिळाला नव्हता. पंचवीस-सव्वीस वर्षं त्यांनी जंगलात काढली. नाले ओलांडताना सायकल खांद्यावर घेऊन चालल्या, लसीचा डबा डोक्यावर ठेवून पुरातून गेल्या. गोंडी बोलायला शिकल्या, सिरोंच्याच्या बाजूला काम पडलं तेव्हा बाळंतिणीशी बोलण्यापुरती तेलुगूही शिकल्या. ज्या गावात त्यांचं उपकेंद्र होतं त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथली आजची पोरं वेगळी आहेत.

सत्तेचाळिसाव्या वर्षी, पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर, त्यांना पुन्हा रक्त दिसलं. दुसरी एखादी बाई लाजून वर्षभर गप्प बसली असती. दुर्गेबाईंनी तिसऱ्या दिवशी एसटी पकडली आणि चंद्रपूरला आल्या. गर्भपिशवी खरवडून काढलेले तुकडे माझ्याकडे आले. वझलवारांनी लिहिलं: ग्रंथींचा कॅन्सर, नेमका कुठून निघाला ते सांगता येत नाही.

हे "सांगता येत नाही" आमच्या मोठ्या डॉक्टरांनी वाचलं असेल, पण मनावर घेतलं नाही. आमच्याकडे बायकांचा कॅन्सर म्हटला की दहातल्या नऊ जणी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्याच. त्यांनी केसपेपरवर तेच लिहिलं आणि विजेच्या शेकासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, नागपूरची तारीख घेतली. इथवर ठीक. पण वॉर्डात राउंड घेताना, मागे चार नर्सा, दोन शिकाऊ डॉक्टर आणि आजूबाजूला बारा खाटा असताना, त्यांनी पेपरवरचं नाव मोठ्यानं वाचलं.

"मिस दुर्गे. मिस कशा? लग्न नाही झालं?"

"नाई."

"हा रोग लग्नाशिवाय होत नसतो, बाई. खरं सांगा म्हणजे आम्हाला उपचार करायला बरं."

कोणीतरी हसलं. दुर्गेबाई खाटेवरून उतरून उभ्या राहिल्या. मी तिथं नव्हतो, मला हे नंतर शेजारच्या खाटेवरच्या कमलानं सांगितलं. बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मी काय केलं अन् काय नाई केलं, ते तुमच्या औषधीले समजत असन तर सांगतो. नसन समजत, तर विचारता काऊन?"

आमच्याकडं बायाही "सांगतो", "जातो" असंच बोलतात. मोठे डॉक्टर लाल झाले आणि पुढच्या खाटेकडं वळले. ती खाट कमलाची. चौतीस वर्षांची, तीन लेकरांची आई, नवरा घुग्घुसला कोळशाचा ट्रक चालवायचा. तिला खरोखरच गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. तिच्याही सासूनं तिला दवाखान्यात आणतानाच ऐकवलं होतं, कुठून आणलास हा रोग म्हणून. कमला त्याला उत्तर देऊ शकली नव्हती. ती रडायची. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा एका बाईला उभं राहून उत्तर देताना पाहिलं.

पण वॉर्डातली गोष्ट वॉर्डात राहत नाही. रजेचा अर्ज आणि सोबतचा, रोगाचं नाव लिहिलेला दवाखान्याचा कागद अहेरीच्या कचेरीत पोचला, तिथून गावात. आठ दिवसांत धुरपता चंद्रपूरला आली. ती त्या गावची दाई, वीस वर्षं बाईंसोबत बाळंतपणं केलेली. खाटेच्या कडेला बसली आणि बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली.

"बोल ना," बाई म्हणाल्या.

"उपकेंद्राच्या भिंतीवर कोनंतरी कोळशानं लिवलं आहे, बाई."

"काय लिवलं?"

"मले कुठी वाचता येते? पन पोट्टे हासत होते. मी शेनानं सारवून टाकलं."

"बाया येतात का सुया घ्यायले?"

धुरपतानं मान हलवली. येत नव्हत्या. गावचे मोठे लोक म्हणत होते, ह्या बाईच्या हातून आता बाळंतपण नको.

दुसऱ्या दिवशी नागभीडहून भाऊ आला, सोमाजी. रेल्वेत गँगमन. चांगला माणूस, बहिणीवर जीव, पण घाबरलेला. म्हणाला, "ताई, राजीनामा देऊन टाक. घरी ये. चुप राह्य. लोक विसरून जाते."

"मी काय केलं म्हनून चुप राहू?"

"तू काई नाई केलं. पन दुनियेचं तोंड..."

"दुनियेचं तोंड दुनियेपाशी. माहं पोट माह्यापाशी आहे, सोमा. मले पहिले त्याचं पाहू दे."

आणि त्या माझ्या खिडकीशी आल्या.

मी त्यांना नियम सांगितला. ब्लॉक, म्हणजे ती मेणाची वडी, बाहेर देता येत नाही, तो दवाखान्याचा. त्या म्हणाल्या, "माह्या आंगातून निंघाला अन् दवाखान्याचा कसा झाला?" मी म्हटलं, गुरुवारी वझलवारसाहेब येतात, त्यांना विचारा. मनातून मला वाटलं होतं की गुरुवारपर्यंत बाई थंड होतील.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या आधी त्या बाकावर हजर होत्या.

वझलवार म्हणजे कमी बोलणारा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी बाईंना आत बोलावलं, मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि पहिली गोष्ट ही केली की चूक कबूल केली. चूक त्यांची नव्हती, तरी. "हे तुकडे दोन बाटल्यांत यायला हवे होते," ते म्हणाले. "गर्भपिशवीच्या आतल्या खोलीतले वेगळे, खालच्या मानेतले, म्हणजे तोंडाकडचे, वेगळे. आमच्याकडे सगळे एका बाटलीत आले. ग्रंथी दोन्हीकडं असतात. बिघडल्या की सारख्याच दिसतात."

"फरक काय पडते?" बाईंनी विचारलं. नर्स होत्या, त्यांना थोडं माहीत होतं, पण त्यांना ते डॉक्टरच्या तोंडून हवं होतं.

"मानेचा असेल तर शेक. आतला असेल तर आधी ऑपरेशन, पिशवीच काढायची. आतला असून नुसता शेक देऊन थांबलो तर मूळ आत राहू शकतं."

"मंग तुम्ही लिवलं तसं, सांगता येत नाई, तर त्यायनं कसं सांगितलं?"

वझलवारांनी चष्मा काढला. "मुंबईला आता एक नवीन तपासणी निघाली आहे. पेशी कितीही बिघडली, चेहरामोहरा बदलला, तरी तिच्या घरची एखादी खूण तिच्यात राहते. तुमच्या अहेरीचा माणूस पँट-शर्ट घालून इथं आला तर ओळखू येणार नाही, पण बोलायला लागला की कळतंच ना? तसं. त्या खुणेला धरणारं एक औषध कापावर टाकतात. खूण असेल तर तपकिरी रंग चढतो, नसेल तर नाही. दोन खुणा आहेत. एक बहुतेक मानेकडच्या कॅन्सरमध्ये सापडते, दुसरी बहुतेक आतल्या."

"बहुतेक?"

"बहुतेक. पक्कं काही नसतं, बाई. पण आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त कळेल."

"मंग धाडा ना."

"टपालानं धाडलेले दोन ब्लॉक आजवर पोचलेले नाहीत."

"मी नेतो," दुर्गेबाई म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी अर्थातच नको म्हटलं. नागपूरची तारीख मुश्किलीनं मिळते, ती सोडायची, पेशंटनं स्वतः ब्लॉक घेऊन मुंबईला जायचं, हे काय चाललंय. वझलवार शांतपणे म्हणाले, तीन आठवड्यांनी बिघडणार नाही, आणि माझ्या सहीनं ब्लॉक जातोय. दवाखान्यानं बाईंकडून कागद लिहून घेतला की त्या स्वतःच्या जबाबदारीवर उपचार लांबवत आहेत. बाईंनी तो दोनदा वाचला, "लांबवत" हा शब्द खोडला, "नीट करून घेत" असं वर लिहिलं आणि सही केली. कारकुनानं तसाच फायलीला लावला.

ब्लॉक मी बांधून दिला. बोटाच्या दोन पेरांएवढी मेणाची पिवळट वडी, मधे तो करडा ठिपका. ऊन लागू देऊ नका, मऊ पडली तर काप नीट निघणार नाही, असं मी चारचारदा सांगितलं. बाईंनी लसीचे डबे सव्वीस वर्षं थंड ठेवले होते, मी त्यांना काय शिकवणार? स्टीलच्या डब्यात कापूस, बाहेरून ओलं फडकं, आणि तो डबा चंद्रपूर ते मुंबई मांडीवरून खाली ठेवला नाही.

मुंबईच्या त्या मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्येही त्यांना आधी सांगितलं, पेशंटनं इथं यायचं नसतं, खाली काउंटरवर द्या. बाईंनी दिला नाही. "ज्याच्या हातचं काम आहे त्याच्याच हाती देईन," म्हणाल्या, आणि दारातल्या स्टुलावर बसल्या. चपराशी तीनदा उठवायला आला. दुपारी एक वयस्कर पारशी डॉक्टरीणबाई जेवायला बाहेर निघाल्या, त्यांनी विचारलं ही कोण. वझलवारांची चिठ्ठी वाचली, डबा उघडला, ओल्या फडक्याला हात लावून पाहिला.

"एटला दूरथी? एवढ्या लांबून असा घेऊन आली तू?" त्या त्यांच्या मराठीत म्हणाल्या. "आमच्या टपालवाल्यांना शिकव."

तपासणीला आठ दिवस लागले. बाई एका बुद्धविहारात उतरल्या होत्या, रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायच्या. नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत नेलं आणि दोन काचा दाखवल्या. पहिल्या काचेत सगळं फिकट निळं, मानेकडची खूण जवळजवळ कुठंच नाही. दुसऱ्या काचेत ग्रंथींच्या कडांनी तपकिरी रंग, कुठं गडद, कुठं हलका, पण चढलेला. "आतला," त्या म्हणाल्या. "पिशवीच्या बॉडीतला. मी शंभर टक्के सही देत नाही, पण माझी बहीण असती तर मी आधी ऑपरेशन करायला लावलं असतं."

बाईंनी मला सांगितलं, त्या तपकिरी रंगाकडं त्या खूप वेळ बघत राहिल्या. "आपल्याले मारायले बसलेलं असं समोर दिसलं म्हंजे भेव वाटन, असं समजत होतो. पन मले तर राग आला, खुशालभाऊ. म्हटलं, तू आहेस होय? बरं. आता पाहून घेतो."

ऑपरेशन नागपूरला झालं, ऑक्टोबरच्या शेवटी. गाठ पिशवीच्या आतच होती, भिंतीत फार खोल गेलेली नव्हती, आणि मान साफ होती. वझलवारांनी मला ते सांगितलं तेव्हा मी कामाच्या टेबलावर हात आपटला. इतका आनंद मला माझ्या मॅट्रिकच्या निकालाचाही झाला नव्हता.

इथं मला माझंच एक बोलणं सांगायला हवं, कारण त्याची मला अजून लाज वाटते. टाके निघाल्यावर बाई दवाखान्यात आल्या तेव्हा मी मुंबईच्या रिपोर्टची नक्कल त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "बाई, आता हा कागद गावात नेऊन त्या लोकांच्या तोंडावर मारा. हा आतला कॅन्सर लेकरं न झालेल्या, लग्न न केलेल्या बायकांना जास्त होतो असं साहेबच म्हणतात. तुमची सगळी बदनामी धुऊन निघेल."

मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला.

"अन् कमलाचं काय?"

"कमलाचं?"

"तिले तोंडाचाच आहे. तिचा रंग दुसरा निंघन. मी हा कागद दाखवला की मी चांगली, तर मंग ती कोन झाली? तिच्या सासूनं म्हटलं तेच झाली ना? हा कागद डॉक्टरसाठी आहे, भाऊ. कुठी कापायचं ते सांगायसाठी. माही चालचलन सांगायले मी मेनाचा तुकडा मुंबईले नेला नव्हता."

अकरा वर्षं मी त्या वड्या कापत होतो, वरचे नंबर पाठ असायचे, आणि त्या बायकांना घरी काय ऐकावं लागतं ह्याचा मी एकदाही विचार केला नव्हता.

कमलाला शेकासाठी नागपूरला न्यायला तिच्या घरचं कोणी येत नव्हतं. स्वतःच्या टाक्यांच्या व्रणावर पट्टा बांधून दुर्गेबाईंनी तिला नेलं. सासू दवाखान्याच्या फाटकाशी भेटली, काहीतरी बोलली, तेव्हा बाई म्हणाल्या, "आई, तुमच्या पोराले विचारा ना, तो ट्रक घेऊन कुठी कुठी थांबते? नाई विचारत? मंग हिलेही नोका विचारू. हिले बरं होऊ द्या." पुढच्या खेपेला सासू भाकरी बांधून आली.

जानेवारीत बाई कामावर परतल्या. राजीनामा तर दिला नाहीच, बदलीही मागितली नाही. गावात सभा बसली. धुरपतानं मला ते सगळं हुबेहूब करून दाखवलं आहे. पाटील म्हणाले, बाई, लोकांच्या मनात शंका आहे, तुमचा कागद काय म्हणतो ते एकदा सांगून टाका, विषय संपेल. बाई उभ्या राहिल्या.

"मले कॅन्सर झाला होता. काढला. कोनत्या जागी झाला, ते मी तुमाले सांगनार नाई. तुमाले इलाज करायचा नाई, मंग तुमाले जागा कायले पाह्यजे? आता माह्यं ऐका. ज्या बाईले पाळी गेल्यावर रगत जाते, नाईतर नवऱ्यापाशी गेल्यावर रगत जाते, नाईतर पानी जाते वास मारनारं, तिनं बुधवारी उपकेंद्रात यावं. मी कोनालेही काईही विचारनार नाई. ज्याले भिंतीवर लिवायचं आहे त्यानं लिवावं. भिंत सरकारी आहे, चुना माह्यापाशी आहे."

पहिल्या बुधवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या बुधवारी धुरपता स्वतः येऊन बसली, तिला काही झालेलं नव्हतं, पण ती दिवसभर ओट्यावर सगळ्यांना दिसेल अशी बसून राहिली. तिसऱ्या बुधवारी पाटलांची सून आली. मार्चपर्यंत बाईंनी चार बायका चंद्रपूरला पाठवल्या. प्रत्येकीसोबत चिठ्ठी असायची, सुरेख गोल अक्षरात: "तुकडे दोन बाटल्यांत घ्यावेत. आतला वेगळा, मानेचा वेगळा." मोठ्या डॉक्टरांनी पहिली चिठ्ठी वाचून बाजूला टाकली. वझलवारांनी ती उचलून ऑपरेशन थिएटरच्या भिंतीला चिकटवली. तेव्हापासून माझ्याकडे दोन बाटल्या येऊ लागल्या. वॉर्डात मोठे डॉक्टर पूर्वीसारखे मोठ्यानं नाव वाचायचे, पण पुढचा प्रश्न विचारायचे नाहीत.

एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये, आरोग्य दिनाला, अहेरीत बाईंचा सत्कार ठेवला. मी मुद्दाम गेलो होतो. मांडव, शाल, नारळ, सगळं होतं. आलेले पाहुणे भाषणात रंगले. म्हणाले, दुर्गेबाईंनी अविवाहित राहून, निष्कलंक चारित्र्य जपून, ह्या जंगल भागात सेवा केली, असं चारित्र्य आज दुर्मीळ आहे. टाळ्या झाल्या. समोरच्या रांगेत बसलेला सोमाजी तर डोळे पुसत होता.

शाल घ्यायला उठलेल्या बाई माइकपाशी गेल्या.

"साहेब, तुमचा मान राखून सांगतो. ते चारित्र्याचं वाक्य मागं घ्या. दोन हजाराच्या वर बाळंतपनं केली मी. त्यातल्या किती बाया वाचल्या, किती नाई वाचल्या, ते रजिस्टरमधी आहे. त्याच्यावर बोलायचं असन तर बोला. नाईतर मले बुधवारच्या बायांची तयारी करायची आहे."

पाहुण्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बरं. रजिस्टर मागवा."

रजिस्टर आलं. त्यांनी ते भर सभेत उघडलं आणि आकडे वाचायला सुरुवात केली. बाई शाल न घेताच पुढं जाऊन बसल्या, आणि जिथं पाहुणे चुकले तिथं त्यांना बसल्या जागेवरून दुरुस्त करत राहिल्या.